तिजोरी नगराची, चौकशी पोलिसांची

शिकागो हे नाव मराठी वाचकास परके नाही. १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी ज्या सर्वधर्मपरिषदेत भाषण केले ती याच शहरी भरली होती. आणि आठ तासांच्या कामाच्या दिवसासाठी १८८६ साली झालेल्या ज्या लढ्याच्या स्मृतीतून पुढे जगभर मे दिन पाळला जाऊ लागला, त्याचे हेमार्केटही याच शहरातले. या दोन्ही आठवणी आपल्याकडे वारंवार जागविल्या जातात. आज आम्ही त्या शहराच्या एका निराळ्याच प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधीत आहोत. ते प्रकरण भाषणाचे नाही व लढ्याचेही नाही. ते नगरसभेच्या एका ठरावाचे आहे.

१५ एप्रिल २०१५ रोजी शिकागोच्या नगरसभेने एका मृत मुलाच्या कुटुंबियांस ५० लाख डॉलर देण्याचा ठराव संमत केला. ठरावाच्या बाजूने ४७ मते पडली, विरुद्ध एकही नाही. कुटुंबियांनी अद्याप न्यायालयात दावाही दाखल केलेला नव्हता. दावा लागण्याआधीच एवढी रक्कम देऊ करणारी नगरसभा फारच उदार म्हणावी लागेल! परंतु या औदार्यामागे एक चित्रफीत होती. पोलिसांच्या गाडीवरील कॅमेऱ्याने टिपलेली ही चित्रफीत शहराच्या वकिलांपाशी होती. तीत काय आहे हे त्यांनी वित्तसमितीस तोंडी सांगितले, पण ती दाखविण्यात आली नाही. ज्यांनी पैसे मंजूर केले त्यांनी पैसे कशाबद्दल द्यावयाचे हे डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

हा मुलगा लक्वान मॅकडोनल्ड. वय वर्षे १७, वर्णाने काळा. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री जेसन व्हॅन डाइक या गोऱ्या पोलीस अंमलदाराने त्याच्यावर सोळा गोळ्या झाडल्या. मुलाच्या हातात लहानसा चाकू होता, हे खरे. पोलिसांच्या कागदपत्रांत तो चाकू घेऊन अंगावर आला असे लिहिले गेले. चित्रफितीत तो पोलिसांपासून दूर चालत जाताना दिसतो. गाडीतून उतरल्यावर काही सेकंदांतच अंमलदाराने गोळीबार सुरू केला आणि मुलगा खाली कोसळल्यानंतरही तो थांबला नाही. एका मुक्त पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली दावा लावला, न्यायाधीशांनी आदेश दिला, तेव्हा २४ नोव्हेंबर २०१५ रोजी ती फीत लोकांपुढे आली. आणि ज्या दिवशी ती आली त्याच दिवशी त्या अंमलदारावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. घटनेस तोवर ४०० दिवस लोटले होते. ठराव झाला त्याच्या अवघ्या आठ दिवस आधी महापौर राम इमॅन्युएल हे फेरनिवडणूक जिंकून आले होते, हेही येथे नोंदवून ठेवतो. त्यावरून काय तर्क करावयाचा तो वाचकांनी करावा.

मुलाच्या मृत्यूची हकीकत आम्ही सहानुभूतीसाठी सांगितलेली नाही. अशा हकीकती अमेरिकेतून वरचेवर येतात, आपण हळहळतो आणि पान उलटतो. आम्हास दाखवावयाचे आहे ते हे, की या प्रकरणात पैसा देणारे एक होते, चौकशी करणारे दुसरे होते आणि ज्याची चौकशी व्हावयाची तो या दोघांनाही आपल्या मुठीत ठेवून होता. वर्णद्वेष माणसांच्या मनात असतो असे म्हणून आपण मोकळे होतो. शिकागोचा इतिहास सांगतो की तो दप्तरात, कराराच्या कलमांत आणि चौकशीच्या पद्धतीतही जाऊन बसतो, आणि तेथून त्याला हुसकावणे मन बदलण्याहून कठीण असते.

हा इतिहास जुना आहे. २७ जुलै १९१९ रोजी मिशिगन सरोवरात पोहत असलेला एक १७ वर्षांचा काळा मुलगा गोऱ्यांच्या दगडफेकीमुळे बुडून मरण पावला. किनाऱ्यावरील गोऱ्या पोलिसाने दगड मारणाऱ्यास अटक करण्याचे नाकारले. त्यातून जी दंगल उसळली तीत ३८ माणसे मेली. २३ काळी, १५ गोरी. दक्षिणेतील संस्थानवजा शेतमळ्यांची गुलामी व तिच्यानंतरची वेठ सोडून कामाच्या शोधात उत्तरेस आलेली ही काळी कुटुंबे शहराच्या दक्षिण भागात दाटीने राहत. त्यांना दुसरीकडे घर मिळत नसे. शिवेवरचा पोलीस त्यांना आत ठेवण्यासाठी उभा आहे, की त्यांचे रक्षण करण्यासाठी, हा प्रश्न त्या दिवसापासून त्या शहरात विचारला जात आहे.

त्याचे उत्तर मागण्याचा पहिला गंभीर प्रयत्न राल्फ मेटकाफ यांनी केला. हे नाव क्रीडाप्रेमी वाचकांस ठाऊक असेल. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकात शंभर मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आलेला धावपटू तो हाच. पुढे ते शिकागोच्या राजकारणात शिरले आणि महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या पक्षयंत्रणेचे विश्वासू म्हणून काँग्रेसवरही निवडून गेले. परंतु १९७२ साली दोन प्रतिष्ठित काळ्या दंतवैद्यांस पोलिसांनी अपमानित केले तेव्हा मेटकाफ यांनी महापौरांकडे दाद मागितली, पण त्यांचे समाधान झाले नाही. आपल्याला पदास चढविणाऱ्या यंत्रणेशी त्यांनी त्याच वर्षी उघड फारकत घेतली. त्यांच्या चळवळीच्या रेट्याने १९७४ साली तक्रारी तपासणारे एक मुलकी कार्यालय स्थापन झाले. तपासनीस पोलीस नव्हते, एवढी सुधारणा झाली. मात्र ते कार्यालय पोलीसखात्याच्याच पोटात राहिले व त्याचे अहवाल पोलीसप्रमुखाच्याच टेबलावर जात.

तेथे गेलेल्या अहवालाचे काय होते, हे जॉन बर्ज या अधिकाऱ्याच्या प्रकरणावरून कळते. १९७२ पासून १९९१ पर्यंत हा अधिकारी व त्याच्या हाताखालचे अंमलदार दक्षिण भागातील ठाण्यांत संशयितांचा अमानुष छळ करीत होते. विजेचे झटके देणे, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी आवळून श्वास कोंडणे, तोंडात पिस्तूल घालणे, हे प्रकार शंभराहून अधिक माणसांवर झाले. त्यांतील बहुतेक सर्व काळे होते. असे मिळविलेले कबुलीजबाब न्यायालयात टिकले आणि काही जण फाशीच्या कोठडीत जाऊन पडले.

हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. फेब्रुवारी १९८२ मध्ये दोन पोलिसांच्या खुनाच्या आरोपाखाली पकडलेल्या अँड्र्यू विल्सनच्या अंगावरील जखमा तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्याने पाहिल्या व पोलीसप्रमुखास पत्र लिहून चौकशीची मागणी केली. पोलीसप्रमुखाने ते पत्र जिल्ह्याच्या सरकारी वकिलाकडे पाठविले. हे सरकारी वकील म्हणजे वर उल्लेखिलेल्या महापौरांचे चिरंजीव रिचर्ड एम. डेली, जे पुढे १९८९ पासून २०११ पर्यंत स्वतः महापौर होते. कोणावरही खटला झाला नाही. १९८९ साली विल्सनच्या दिवाणी दाव्याच्या वेळी त्याच्या वकिलांना पोलीसखात्याच्या लिफाफ्यांतून निनावी पत्रे आली आणि इतर पीडितांचा माग लागला. म्हणजे खात्यातही अस्वस्थ सद्सद्विवेक असलेले कोणीतरी होते. पण त्यास नाव लावून लिहिण्याचे धैर्य होईल अशी स्थिती तेथे नव्हती. १९९० साली त्या मुलकी कार्यालयातील तपासनीसाने छळ पद्धतशीर होता असा निष्कर्ष काढला, तो अहवालही दडपून ठेवण्यात आला. १९९२ साली न्यायालयाच्या आदेशाने तो बाहेर पडला आणि १९९३ साली बर्जला बडतर्फ केले. छळाबद्दल त्याच्यावर खटला भरण्याची मुदत तोवर टळून गेली होती. २०१० साली तो दोषी ठरला तो खोटी साक्ष व न्यायात अडथळा आणल्याबद्दल; पुढे शिक्षा झाली साडेचार वर्षांची. निवृत्तिवेतन मंडळात चार विरुद्ध चार अशी मते पडल्यामुळे त्याचे पेन्शनही कायम राहिले. या बातमीवर आम्ही भाष्य करीत नाही.

इलिनॉयचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी जानेवारी २००३ मध्ये फाशीच्या कोठडीतील अशा चार कैद्यांना निर्दोष ठरवून माफी दिली. मे २०१५ मध्ये नगरसभेने पीडितांसाठी ५५ लाख डॉलरांचा निधी मंजूर केला. ५७ जणांना प्रत्येकी एक लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळाली. या ठरावाचा विशेष रकमेत नव्हता. नगराने औपचारिक माफी मागितली, पीडितांसाठी मानसोपचाराची सोय कबूल केली आणि हा सारा प्रकार नगराच्या शाळांतून आठव्या व दहाव्या इयत्तेस शिकविला जाईल असे ठरविले. आपल्या पोलिसांनी केलेले पाप आपल्याच मुलांच्या पाठ्यक्रमात घालणाऱ्या नगरसंस्था जगात फार नसतील. या ठरावामागे पीडित, त्यांच्या माता व त्यांचे वकील यांचे कित्येक वर्षांचे परिश्रम होते, नगरसेवकांना एका सकाळी सुचलेला तो विचार नव्हता.

पण पुन्हा हिशेबाकडे वळू. बर्ज प्रकरणात शहर, जिल्हा व राज्य मिळून दहा कोटी डॉलरांच्या वर खर्च झाला. २००४ ते २०१४ या काळात पोलिसांविरुद्धच्या दाव्यांपायी शिकागोच्या तिजोरीतून पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली. दक्षिण भागातल्या शाळांना, दवाखान्यांना, बंद पडलेल्या दिव्यांना पैसा नाही असे सांगणाऱ्या त्याच तिजोरीतून ती गेली. ज्या वस्तीवर लाठी पडते तिच्याच कराच्या पैशातून लाठीची भरपाई होते आणि लाठी चालविणाऱ्याच्या पगारातून मात्र एक दमडीही कापली जात नाही. नुकसानभरपाई ही न्यायाची एक रीत आहे, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु ती जेव्हा नित्याची होते तेव्हा प्रत्यक्षात ती दंड राहत नाही, परवान्याची फी होते.

मधल्या काळात चौकशी करणाऱ्या कार्यालयाची नावे बदलत गेली. २००७ साली ते पोलीसखात्याबाहेर काढून त्याला स्वतंत्र प्राधिकरण म्हटले. या स्वतंत्र प्राधिकरणापुढे पहिल्या आठ वर्षांत गोळीबाराची चारशेहून अधिक प्रकरणे आली. त्यांतील दोनच प्रकरणांत अंमलदारावरील आरोप खरा ठरला. चारशेंतील सर्व पोलीस दोषी होते असे कोणी म्हणणार नाही. तरी चारशेंत दोन हा आकडा पाहून त्या कार्यालयाच्या दारात तक्रार घेऊन कोण जाईल? आणि जाणाऱ्यापुढे पोलीस संघटनेच्या करारातील अडसर होतेच. शपथपत्रावाचून तक्रार बहुधा पुढे जात नसे. गोळीबार करणाऱ्या अंमलदारास जबाबापूर्वी चोवीस तासांची सवड असे. आणि पाच वर्षांनी जुन्या तक्रारींची कागदपत्रे नष्ट करावी असेही कलम होते, जे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये निरर्थक ठरविले. ही कलमे कोणा जुलमी राजाने लादलेली नव्हती. नगराच्या प्रतिनिधींनी, कामगारांच्या हक्कांच्या नावाने, दर करारात त्यांवर सह्या केल्या होत्या. पगारवाढीस पैसा नसला म्हणजे सवलतीचे एखादे कलम द्यावे, हा व्यवहार स्वस्त वाटतो.

मॅकडोनल्डची फीत बाहेर आल्यावर पोलीसप्रमुख गेला, मार्च २०१६ मध्ये सरकारी वकील निवडणुकीत पडल्या, आणि महापौरांनीही पुढे तिसऱ्यांदा उभे राहण्याचे टाळले. लोरी लाइटफूट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१६ मध्ये दिलेल्या अहवालात एक आकडा आहे: २००८ ते २०१५ या काळात पोलिसांच्या गोळ्या लागलेल्यांत ७४ टक्के काळे होते, जेव्हा शहरातील त्यांची संख्या एकतृतीयांशाच्या आसपास होती. जानेवारी २०१७ मध्ये केंद्रीय न्यायखात्यानेही बळाच्या बेकायदा वापराची पद्धतच पडली असल्याचे म्हटले. ऑक्टोबर २०१८ मध्ये पंचांनी व्हॅन डाइकला दुसऱ्या दर्जाच्या खुनाबद्दल दोषी धरले. सहा वर्षे नऊ महिन्यांची शिक्षा झाली. निम्मीही न भोगता फेब्रुवारी २०२२ मध्ये तो सुटला. खोटे अहवाल लिहिल्याच्या आरोपातून त्याचे तीन सहकारी जानेवारी २०१९ मध्येच निर्दोष सुटले होते.

कोणी म्हणेल, हजारो मैलांवरच्या शहराच्या कारभाराशी आपणास काय कर्तव्य? महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी जनांस अर्पण केला, तेव्हा त्यांना हा प्रश्न पडला नव्हता. मराठी भाषेने तो संबंध दीडशे वर्षांपूर्वीच जोडलेला आहे. त्या मुक्ततेचे पुढे काय झाले, हे पाहत राहणे अर्पणपत्रिकेच्या वारसांना भागच आहे.

मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे पोलीस हा राज्य सरकारचा विषय. नगराध्यक्षास वा महापौरास शहरातल्या फौजदाराची बदली करता येत नाही, त्याचा पगार नगरपालिका देत नाही, आणि त्याच्याविरुद्धची तक्रार नगरसभेत मांडली तर 'विषय कक्षेबाहेर' असे उत्तर मिळते. शिकागोत पोलीसप्रमुख महापौर नेमतो, नगरसभा त्यास मान्यता देते व अंदाजपत्रकही तीच मंजूर करते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाशसिंग यांच्या प्रकरणात प्रत्येक राज्यात व जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमण्याचा आदेश दिला. राज्यांनी तो किती अनुत्साहाने पाळला हे सर्वविदित आहे. आपल्या नगरपालिकांना अधिकार नाही म्हणून त्या गप्प आहेत. शिकागोच्या नगरसभेस अधिकार होता आणि तरी ती चाळीस वर्षे गप्प होती. अधिकार कायद्यात असून भागत नाही, कागद मागण्याची व न मिळाल्यास पैसा अडविण्याची हिंमत लागते, हे त्या सभेच्या वर्तनावरून स्पष्ट होते.

दुसरी बाजूही लपवून उपयोग नाही. शिकागो हे बंदुकांनी पोळलेले शहर आहे. २०२१ साली तेथे सुमारे आठशे खून झाले. मृतांत बहुसंख्य पुन्हा काळेच होते, आणि दक्षिण व पश्चिम भागातील कित्येक माता अधिक पोलीस मागतात, कमी नव्हेत. देखरेख वाढली तर पोलीस हात आखडते घेतील, हा संघटनेचा युक्तिवाद केवळ कांगावा म्हणून सोडून देता येणार नाही. नोकरी जाण्याच्या भीतीने निर्णय टाळणारा अंमलदार कोणत्याही खात्यात सापडतो. तथापि ज्या वस्तीत बर्जसारख्याने वीस वर्षे राज्य केले तेथे खुनाचा साक्षीदार पुढे येत नाही, यात नवल ते काय? ज्याला पोलीसठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटते तो खुन्याचे नाव सांगणार कोणास? देखरेखीच्या अभावाने पोलिसांचे हात बळकट झाले असते, तर शिकागो केव्हाच शांत व्हावयास हवे होते.

२१ जुलै २०२१ रोजी नगरसभेने ३६ विरुद्ध १३ मतांनी जो कायदा केला, तो या सर्व प्रकरणांतून निघालेला सर्वांत महत्त्वाचा निर्णय होय असे आमचे मत आहे. शहराच्या २२ पोलीस विभागांत प्रत्येकी तीन नागरिकांची मंडळे लोकांनी निवडून द्यावयाची आणि त्यांच्यावर सात जणांचा नगर आयोग. पहिली निवडणूक २८ फेब्रुवारी २०२३ रोजी महापौराच्या निवडणुकीबरोबर झाली व ६६ प्रतिनिधी निवडून आले. चळवळीतील जहालांची मागणी याहून मोठी होती. पोलीसप्रमुखास नेमण्याचा व काढण्याचा अधिकार लोकनियुक्त मंडळास हवा होता. तो मिळाला नाही. पोलीसप्रमुखाच्या पदासाठी आयोगाने नावे सुचवावी, महापौराने त्यांतून निवडावे, अशी तडजोड झाली. पोलिसांच्या संघटनेनेही या निवडणुकीत काही उमेदवारांना पाठिंबा दिला. त्याबद्दल कित्येकांनी ओरड केली. आम्हास ती पटत नाही. पोलीसही नागरिक आहेत. त्यांनी मते मागावीत, उघडपणे मागावीत. बंद खोलीतील कराराच्या कलमांपेक्षा हे शतपटीने बरे.

या आयोगाने सुचविलेल्या तीन नावांतून २०२३ साली लॅरी स्नेलिंग यांची नेमणूक झाली व नगरसभेने एकमताने ती मान्य केली. त्याच वर्षी सप्टेंबरात आयोगाने गुंडांच्या टोळ्यांची नोंदवही कायमची बंद करण्याच्या बाजूने निर्णय दिला. ही नोंदवही म्हणजे एक अजब चीज होती. नगराच्या महातपासनीसाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे तीत १,३४,००० हून अधिक माणसांची नावे होती आणि त्यांतील ९५ टक्के काळी वा लॅटिन अमेरिकी वंशाची होती. नाव चढले की ते चढल्याचे कळण्याची सोय नव्हती व ते काढून घेण्याचीही नव्हती. ब्रिटिश अमदानीत ज्यांच्या वाडवडिलांना गुन्हेगार जमातींच्या याद्यांत घातले गेले आणि हजेरी देण्यासाठी चावडीवर उभे केले गेले, त्यांना या नोंदवहीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुढची वाट मात्र बिकट आहे. न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा घडवून आणण्याचा जो संमतीचा हुकूमनामा मार्च २०१९ पासून अमलात आला, त्यातील पूर्ण पालन झालेल्या कलमांचे प्रमाण २०२४ च्या अखेरीस एकपंचमांशाहूनही कमी होते. आणि गंभीर गैरवर्तनाच्या प्रकरणांचा निवाडा नगराच्या पोलीस मंडळापुढे उघडपणे न होता खासगी लवादापुढे बंद दाराआड व्हावा, ही मागणी लवादाकडून मान्य करून घेण्यात संघटनेस यश आले. डिसेंबर २०२३ मध्ये व पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये नगरसभेने ती फेटाळली. प्रकरण न्यायालयात गेले. मार्च २०२४ मध्ये न्यायाधीशांनी सांगितले की लवादापुढे जाण्याचा अंमलदारांचा हक्क खरा, परंतु सुनावणी लोकांसमक्ष झाली पाहिजे. ज्या नगरसभेने न पाहिलेल्या चित्रफितीपोटी एकमुखाने ५० लाख डॉलर दिले होते, तीच सभा नऊ वर्षांच्या आत सुनावणीचे दार उघडे राहावे म्हणून दोनदा मतदानास उभी राहिली. पहिल्या खेपेस ३३ विरुद्ध १७, दुसऱ्या खेपेस ३२ विरुद्ध १८.